पोतनीस मास्तरांच्या तीन वेबसाइटी

टायपिंगचा धंदा मेला तेव्हा पोतनीस मास्तर रडत बसले नाहीत. दांडिया बाजारातल्या त्यांच्या क्लासात लोखंडी मशिनी दिवसभर खडखडायच्या. त्या त्यांनी भंगारवाल्याला वजनावर दिल्या, त्याच टेबलांवर कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर सायबर कॅफेची पाटी लावली. भिंतीवरचा फळा तेवढा राहू दिला. मास्तर माणसाला फळ्याशिवाय भिंत नागडी वाटते.

दत्तात्रेय पोतनीस बडोद्याचे जुने मराठी. आजा संस्थानच्या दप्तरात, बाप शाळेत. बोलणं पुस्तकी, त्याला गुजराती फोडणी. "बसा ने", "सारू सारू" असं चाललेलं असायचं. मी खानदेशातला, साक्रीकडचा. रेल्वेत खलाशी लागलो आणि त्यांच्या माडीवर भाडेकरू झालो. पहिल्याच आठवड्यात ते माझं 'करून राह्यलो' दुरुस्त करायला लागले. मी म्हणालो, "मास्तर, भाडं वाढवा पाहिजे तर, पण माझ्या जिभेले हात लावू नका." ते हसले. त्यांची बायको शालिनीबाई आतून म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी सांगितलं एकदाचं."

लक्ष्मणला त्यांच्याकडं मीच नेलं. लक्ष्मण माझ्या गावचा. शहराबाहेर रंग बनवणारी एक कंपनी होती, तिथं तो ठेक्यावर कामाला. नखं कायम पिवळी, हळद लागलेल्या नवरदेवासारखी. वर्षानुवर्षं तो एकाच मशिनीवर होता, पण कंपनी दर वर्षी कागदावर ठेकेदार बदलायची. सलग काम दिसलं की कायद्यानं माणसाला कायम करावं लागतं, म्हणून ही सोंगं. लक्ष्मण आणि त्याच्या सोबत्यांनी लेबर कोर्टात दावा लावला होता. म्हणणं एवढंच, की ठेकेदार बदलले, आम्ही नाही बदललो, आमची मागची सालं धरा. ती सालं हीच त्यांची सगळी इस्टेट. पेपरवाले बातमी घेत नव्हते, कारण कंपनीच्या जाहिराती त्यांच्याकडं जायच्या.

मास्तरांनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "पेपर छापत नाही? मग आपण छापू. वेबसाइट काढू. जगभर दिसेल."

त्यांनी जन्मात वेबसाइट काढली नव्हती. दुपारी कॅफे रिकामा असायचा तेव्हा ते शिकायला बसले. आधी फुकटची जागा घेतली. तिथं कामगारांच्या मागण्या वाचायला जावं तर मधेच उघड्या बायांच्या, जुगाराच्या जाहिराती उघडायच्या. लक्ष्मण म्हणाला, "मास्तर, ह्या बाईनंबी दावा लावेल आहे का?" मग अलकापुरीतल्या एका ऑफिसातून त्यांनी विकतची जागा घेतली.

तोवर गाजावाजा झाला होता. ज्या गावच्या बोअरला लाल पाणी लागत होतं तिथले लोक आले. नदीकाठच्या ज्या वस्तीला घरं खाली करायची नोटीस होती तिथल्या बाया आल्या. मास्तरांनी कोणाला नाही म्हटलं नाही. फळ्यावर खडूनं तीन चौकोन काढले, रेघा ओढल्या, कुठं काय जाईल ते लिहिलं. अलकापुरीवाल्यानं सांगितलं होतं, काका, तिघांच्या जागा वेगळ्या घ्या, एकाला काही झालं तर बाकीचे वाचतील. मास्तरांना ते दुकानदारी वाटलं. "भाडं एक, बिऱ्हाडं तीन," ते म्हणाले. "आमच्या वडिलांनी याच घरात पाच बिऱ्हाडं ठेवली होती."

कामगारांचं पान त्यांनी शहाणपणानं आखलं होतं. मागण्या, पगाराचा तपशील, पिवळ्या नखांचे फोटो आणि खाली नुसतं 'कामगार समिती'. सुट्टीच्या दिवशी सगळे ते पाहायला आले. आंघोळी करून, केसांना तेल चोपडून, ठेवणीतले शर्ट घालून. लक्ष्मणनं पान वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ना नाव, ना फोटू. मंग हे कोनाचं म्हनतीन लोकं?"

"समितीचं, लक्ष्मणराव."

"समितीले तोंड नाई का? आमच्या गनपतीच्या बोर्डावर, मास्तर, पाच रुपये वर्गनी देनाऱ्याचाबी फोटू राहतो. इथं तर आम्ही पोट लावेल आहे."

"खरं आहे भो," मागून दोघं-तिघं म्हणाले. "बिनतोंडाचं काय कामाचं?"

मास्तर स्वतः गल्लीच्या गणपतीचे चिटणीस. पावतीवर नाव, फळ्यावर नाव, आरतीनंतर माइकवर नाव, ह्यातच त्यांचा जन्म गेलेला. त्यांना पटायला किती वेळ लागणार? "बरोबर बोललात," ते म्हणाले. "निनावी तक्रार म्हणजे चहाडी. माणसानं तोंड दाखवून बोलावं."

शालिनीबाई चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला नाही. "अहो, पण ठेकेदारानं पाहिलं तर?"

"पाहावं म्हणूनच तर आहे ना ते!"

"वहिनी, तुम्ही भ्याऊ नका," लक्ष्मण म्हणाला. "ठेकेदाराले सही करता येत नाई. तो कंपूटर कुठून पाहीन?"

हसण्यात तिचं बोलणं वाहून गेलं. एकेकाला फळ्यासमोर उभं करून फोटो काढले. प्रत्येकाखाली नाव, गाव, खातं, पाळी. मास्तरांनी एकही काना-मात्रा चुकू दिली नाही. एक जण त्या दिवशी गावी गेला होता, त्याचं राहिलं म्हणून त्याला सगळे नंतर चिडवायचे.

थोडे दिवस सोन्याचे गेले. कॅनडातून कोणा अनोळखी माणसाचं पत्र आलं, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत म्हणून. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. कॅनडा कुठं आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण टाळ्या पडल्या.

मग एका सकाळी गेटावरचा वॉचमन हातात रंगीत कागद घेऊन उभा. साइटीवरचं तेच पान कोणीतरी छापून दिलेलं. माणूस आला की तो तोंडाकडं पाहायचा, मग कागदाकडं. कागदावरचे बाजूला, बाकीचे आत. एकानं लांबून हे पाहिलं, मागं फिरून नाक्यावर मिशी काढून आला. वॉचमन त्याला पाहून म्हणाला, "मूछ कढावी नाखी, पण नाक तो एनुं ए ज छे ने!" मिशी उतरवली, पण नाक तर तेच आहे ना! आत जाणारे हसले. हसणारे हे लोक कालपर्यंत ह्यांच्याच डब्यातलं ठेचा-भाकर खायचे. हसले नसते तर त्यांच्याकडंही पाहिलं गेलं असतं.

त्याच आठवड्यात कंपनीच्या वकिलाचा कागद अलकापुरीत पोचला, बदनामी झाली म्हणून. अलकापुरीवाल्यानं मास्तरांची जागाच बंद केली. एका कुलपात तिन्ही बिऱ्हाडं. नदीकाठची एक बाई कॅफेत आली. त्यांच्या वस्तीचे कागद, फोटो, सगळं साइटीवर होतं आणि त्यांना ते बाहेरगावच्या लोकांना दाखवायचं होतं. ती गुजरातीत एवढंच विचारत राहिली, की त्या रंगाच्या कारखान्याशी आमच्या घरांचं काय? मास्तर तिच्यासाठी खुर्ची पुसायला लागले. एरवी हा माणूस व्याकरणावर तासभर बोलायचा.

लक्ष्मणचे लोक काम शोधत फिरले. जिथं जावं तिथं तोच रंगीत कागद आधी पोचलेला. कोणी हरणी भागात बांधकामावर विटा वाहिल्या, कोणी बायको-पोरांना गावी पाठवलं. लक्ष्मण माझ्या खोलीवर येऊन नुसता पडून राहायचा. त्याच्या नखांचा पिवळेपणा उतरायला लागला होता आणि तो मधून मधून ती नखं पाहायचा.

शेवटी ठेकेदाराचा माणूस निरोप घेऊन आला. कामावर घेतो, पण त्याच साइटीवर, त्याच फोटोंच्या वर माफी टाका. मजकूर वकिलानं इंग्रजीत करून दिला होता. मास्तर अलकापुरीला गेले. तिथला म्हणाला, माफीपुरती जागा उघडतो, बाकीच्या दोन साइटी काढून टाका, मला झंझट नको. मास्तरांनी आपल्या हातानं लाल पाण्याचं गाव पुसलं, नदीकाठची वस्ती पुसली.

सह्या कॅफेतच झाल्या. माणसं बाकांवर बसली. मास्तर कागद हातात धरून मराठीत सांगायला लागले. "गैरसमजातून घडलं... आम्हाला खेद आहे... पुढं असं होणार नाही..."

लक्ष्मण म्हणाला, "मास्तर, कागद येवढा लांब, नि तुम्ही येवढंसं वाचून राह्यले. खरं वाचा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आम्ही कंपनीची खोटी बदनामी केली. आम्ही इथं सलग काम कधीच केलेलं नाही. दावा मागे घेत आहोत. आजपासून नवे कामगार म्हणून येऊ."

"नवे म्हंजे? मंग मांगली सालं?"

"ती गेली," मास्तर म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "सही करू नका, लक्ष्मणराव. अजून कोर्ट आहे. आपण लढू. मी दुसरी जागा घेतो, वेगळी घेतो, ह्या वेळेस नीट..."

"आपन कोन?" लक्ष्मण उठला. आवाज चढवला नाही. "तुम्हाले कोनी गेटावर उभं केलं का? तुमचा फोटू आहे का त्या पानावर? आना ते पेन."

मास्तरांनी पेन दिलं. लक्ष्मणनं पहिली सही केली, मग बाकीच्यांनी. कोणी चहा घेतला नाही. शालिनीबाईनं भरलेले कप तसेच आत नेले आणि मोरीत ओतल्याचा आवाज बाहेर आला. मास्तरांनी माफी टाइप केली. त्यांच्यासारखं स्वच्छ टाइपिंग त्या वकिलाच्या ऑफिसातही कोणाचं नसेल. त्यानंतर ते पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचे, रेल्वेची तिकिटं काढून द्यायचे. कोणी चळवळीचं नाव काढलं की म्हणायचे, "ते खातं बंद आहे." लक्ष्मण माझ्याकडं यायचा तो मागच्या जिन्यानं.

कामाचा पहिला दिवस त्यानंच मला सांगितला, भाकरी खाता खाता. नवीन कार्ड मिळालं, त्यावर आजची तारीख. सुपरवायझर म्हणाला, नव्या माणसाला आधी शिकवायचा नियम आहे, सुरक्षेचा. शिकवायला कोण उभा केला? तोच, फोटोच्या दिवशी गावी गेला म्हणून वाचलेला. त्याला ती मशीन लक्ष्मणनंच शिकवली होती. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "लक्ष्मणदादा, मी काय सांगू तुम्हाले?"

सुपरवायझर तिथंच उभा होता. लक्ष्मण म्हणाला, "सांग ना भो. नवा आहे मी."

मग त्यानं हात मागं बांधले आणि ऐकून घेतलं, आधी कोणता खटका दाबायचा, मग कोणता.