कोपरा सोडू नगंस

बर्फामुळे भर दुपारीच अंधारून आलंय. सुट्टीला सगळी पोरं आपापल्या घरी गेली आणि कॅन्ससमधल्या त्या हॉस्टेलात इंद्रजित घोरपडे एकटाच उरलाय. त्याला जायला घरच नाही. मे महिन्यात तात्या, म्हणजे वडील, गेले. आई इस्लामपूरला मावशीकडे राहायला गेली.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो कॉर्नरबॅक आहे. मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि समोरच्या गड्याला पास झेलू द्यायचा नाही, हे त्याचं काम. एकाच गड्याला चिकटून धावायचं असेल तर इंद्रजितचा हात धरणारा कुणी नाही. पण नव्या कोचनं झोन लावलाय. त्यात माणूस नाही, जागा राखायची. गेल्या सामन्यात तो एकाच्या मागे धावत सुटला, जागा मोकळी पडली, आणि तिथूनच सामना गेला. हंगामातला एकच सामना उरलाय, पण त्याआधीच संघ सोडायचा, असं त्यानं मनाशी ठरवलंय.

पडल्या पडल्या डोळे मिटतात. भिंतीतले गरम पाइप टकटकतात. ऐकता ऐकता ती टकटक मांडी थोपटल्यासारखी वाटायला लागते.

समोर पांढऱ्या रेघेवर तात्या उभे आहेत, कबड्डीच्या बनियनमध्ये. तरुणपणी ते मंडळाच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे.

"कुठं बघतूयास?"

"तुमच्या तोंडाकडे."

"तोंड फसवतं. कंबरंकडं बघ. कंबर जिकडं, गडी तिकडं."

तात्या पळतात. कंबर वळते तसा इंद्रजितही वळतो, हातभरही अंतर पडू देत नाही. पायाखालचं गवत संपून दवाखान्याची फरशी लागते, सलाइनचे स्टँड बाजूला सरकतात, आणि गावाकडच्या शाळेमागचं मैदान येतं. लाल मातीचं, नुकतंच पाणी मारलेलं.

"झकास. आता मला सोड, जागा धर."

"म्हणजे काय करू?"

"मागं सरक, पर पाठ दावू नगंस. नजर पास देणाऱ्यावर. तुझ्या जागंत कोण शिरतंय ते डोळ्याच्या कडंनं वळख. शिरला तर तुझा. पल्याड गेला की फुडच्याचा."

तात्या पुन्हा पळतात, रेघ ओलांडतात. इंद्रजितचा पाय उचललाच जातो.

"इंद्या! कोपरा सोडू नगंस!"

"पण तुम्हाला कोण बघणार, तात्या?"

"माझा बा हाय की फुडं."

इंद्रजित मटकन खाली बसतो. पाय ऐकणार नाहीत म्हणून दोन्ही हात मातीत रोवतो. तात्यांची पाठ लहान लहान होत जाते. मैदानात दुसरं कुणीच उरत नाही.

जाग येते तेव्हा पाइप गप्प झालेले असतात.  इंद्रजित आईला फोन लावतो. तिच्याकडे पहाट झालेली असते.

"आई, शेवटचा सामना खेळतोय मी."

"खेळ की. आवाज का असा तुझा? जेवलास का?"

"नाही अजून."

"ऊठ बघू. हात धू आणि काहीतरी खा."

तो बेसिनपाशी जातो, नळ सोडतो. खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर बर्फ, जमीन कुठेच दिसत नाही. आणि त्याच्या दहाही नखांत ओली लाल माती आहे.

तो हात न धुताच नळ बंद करतो.