मांजराला भिणारे डॉक्टर

मुलांनो, तिकडे बसून तुम्ही फोनवर पाच स्टार बघितले आणि आपल्या बोक्यासाठी लातूरचे डॉक्टर निवडले. आता विचारता, "आजी, कसे वाटले?" म्हणून लिहिते.

दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांचा मोठा फोटो आहे. मिठीत परदेशी कुत्रा, चेहऱ्यावर अपार माया. प्रत्यक्षात ते टेबलापासून हातभर लांब उभे राहतात आणि सारखे "काय न्हाई, काय न्हाई" म्हणतात. ते बहुधा स्वतःलाच समजावत असावेत.

बोका काही खात नव्हता, नुसती लाळ गळत होती. डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "आजी, वय झालंय त्याचं. आता सेवा करा."

बोका दोन वर्षांचा आहे.

"डॉक्टर, तोंड उघडून बघितलंत का?"

"चावतंय ना ओ ते!"

शेवटी मीच त्याला टॉवेलात गुंडाळून जबडा उघडला. टाळूला कोंबडीचं हाड आडवं अडकलं होतं. "घाला चिमटा," मी म्हटलं. मान वळवून, एक डोळा मिटून का होईना, त्यांनी ते ओढून काढलं. लगेच कंपाउंडरला म्हणाले, "फोटो काढ!" त्या फोटोत डॉक्टर हसताहेत, बोक्याला धरलेले हात कुणाचे, ते कळत नाही.

तरी पुढच्या लशीला मी तिथंच जाणार. बाकीचे डॉक्टर म्हशींचे. मांजर नेलं की म्हणतात, "कशाला दवा करायलात? दुसरं आणा की."

बोका जिवंत आहे आणि जेवतो आहे.