त्याला पुढे जाऊ दे

देवासला काकांचं गॅरेज आहे. काका म्हणजे बाबांचे मित्र. त्यांच्या दोन जुन्या गाड्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत धावतात. एक मी चालवते, दुसरी इंदूरहून येणारा नावाजलेला ड्रायव्हर. त्याला चांगलं मानधन मिळायचं. मला जेवण आणि गाडी हाणायला मिळाल्याचा आनंद. तक्रार नव्हती. त्याच्या नावावर एका टायरवाल्याची जाहिरात आली होती, माझ्या नावावर कुणी पंक्चरही काढून दिलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात धारच्या पुढे, मांडूच्या रस्त्यालगतच्या माळावर शर्यत होती. त्या टायरवाल्याकडून नवे टायर एकाच गाडीपुरते आले, ते अर्थात त्याला. मला त्याचे उतरवलेले. तरी दोघंही अंतिम शर्यतीत पोचलो. सहा गाड्या, आठ चकरा.

सुरू व्हायच्या आधी काका माझ्या खिडकीशी वाकले.

"पोरी, तू पुढे असलीस आणि तो मागे आला, तर मी पिवळा टॉवेल हलवीन. त्याला पुढे जाऊ दे."

"का?"

"अगं, आपण त्याला पैसे कशाचे देतो? जिंकायचेच ना!"

"मग जिंकू दे की! मी आडवी नाही येणार, पण बाजूलाही नाही होणार, काका."

ते काही बोलणार, तोच गाड्या लावायची हाक आली.

पहिल्याच वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासून बाहेर फेकल्या गेल्या. धुळीत समोरचं काही दिसेना. मी आतल्या बाजूने घुसले आणि धूळ मागे पडली, तेव्हा माझ्यापुढे कोणीच नव्हतं! चौथ्या चकरेत आरशात त्याचं लाल बॉनेट दिसलं. पाचव्या चकरेत टॉवेल हलला. सहाव्या चकरेत काका तो दोन्ही हातांनी हलवत होते. जास्त पैसे त्याला, मान्य. टायरही त्याला, मान्य. पण हा रस्ता मी स्वतः मिळवला होता.

शेवटच्या चकरेत लांब वळणावर तो बाहेरून आला, अगदी शेजारी. मी त्याच्या गाडीपुरती जागा सोडली, एक वीतही जास्त नाही. दोघांची चाकं घसरत होती. वळण संपताना माझी गाडी आधी सरळ झाली आणि अर्ध्या गाडीने मी जिंकले. हेल्मेटच्या आत मी घसा फुटेपर्यंत ओरडत होते.

काका तणतणत आले. "टॉवेल दिसला नाही?"

"दिसला."

मागून तो आला. चेहरा मातीने माखलेला. आता हाही चिडणार, असं मला वाटलं.

"काका, वो टॉवेल मेरे लिए था?" तो आपल्या इंदुरी हिंदीत हसत म्हणाला. "भिया, आगे से मत हिलाना. लोग बोलेंगे, छोरी ने छोड़ दिया तब जीता." मग माझ्याकडे वळला. "मैडम, जगह बराबर दी आपने. बस, मेरे से निकला नहीं गया."

काकांनी टॉवेल गुंडाळून काखेत मारला. तेवढ्यात टायरवाला धावत आला. आपल्या जुन्या टायरांवरही गाडी जिंकली, याचाच त्याला भलता आनंद! फोटोसाठी तो माझ्या गाडीचं पुढचं चाक पुसायला बसला.

परतताना आम्ही धारला जेवायला थांबलो. इंदूरवाल्याने दोन वाट्या ताटाशेजारी ठेवून ते वळण दाखवायला सुरुवात केली. काका जेवता जेवता तिरक्या नजरेने बघत होते. मग न राहवून त्यांनी माझ्या गाडीची वाटी पुढे सरकवली.

"चूक! ही इथे होती, तुझ्या बिलकुल शेजारी. मी बघितलंय ना!"