नाश्त्याची हजेरी

हॉलंडमध्ये तू शाळेत काय शिकवतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, इंग्रजी. माझा नवरा शेजारी असला तर तो मध्येच तोंड घालतो. म्हणतो, "कसलं इंग्रजी? ही पोरांना सकाळी काय खाल्लं ते विचारते." तो चेष्टेनं म्हणतो, पण एका हिवाळ्यात ह्याच प्रश्नापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

आम्ही टिलबर्गला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझ्या इथल्या रहिवासाच्या कार्डावर डिपेंडंट. पुण्यात मी लग्नाआधीपासून इंग्रजी शिकवत होते, वर्गात शिरले की मागच्या बाकापर्यंत चिडीचूप. इथे आल्यावर कुणाला माझी गरजच नव्हती. डच शिकले, परीक्षा दिल्या, माझी पदवी इथे चालते का ह्यासाठी कागद पाठवत बसले. अर्ज करायचा, नाही म्हणून गोड उत्तर यायचं. मग कोरोना आला. एका शाळेत इंग्रजी माध्यमाची तुकडी होती, तिथली शिक्षिका सोडून गेली, त्या धामधुमीत त्यांना दुसरी मिळेना, आणि मी मिळाले. करार एका वर्षाचा. विभागप्रमुख एकदा माझ्या तासाला येऊन बसणार, बघणार, आणि मग ठरवणार की ठेवायचं का नारळ द्यायचा. इतकी वर्षं घरात काढल्यावर मला ही नोकरी किती हवी होती ते मी कुणाला सांगत नव्हते. नवऱ्याला न सांगताच कळत होतं.

विभागप्रमुख माझ्याहून वयानं लहान, उंच, आणि सरळ बोलणारा माणूस. मला नावानं हाक मार, असं त्यानं दोनदा सांगितलं. माझी जीभ काही वळेना. माझ्या तोंडून 'सर'च यायचं आणि तो दर वेळी कसनुसा व्हायचा.

वर्ग बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा. सुरुवातीला शाळा भरत होती, खिडक्या सताड उघड्या टाकून, पोरं जॅकेट घालून बसलेली. मग दुसरा लॉकडाउन आला आणि सगळं पडद्यावर गेलं. कॅमेरे बंद, नुसते काळे चौकोन आणि त्यात नावं. कॉम्प्युटर सांगायचा की सगळे हजर आहेत. कसले हजर? एक कार्टं तर लॉगिन करून परत पांघरुणात शिरायचं, मला पुढे कळलं. मग मी आपली देशी हजेरी सुरू केली. एकेकाचं नाव घ्यायचं, आणि त्यानं माइक चालू करून इंग्रजीत एक पूर्ण वाक्य बोलायचं, आज सकाळी मी काय खाल्लं.

दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही. माझी आई अजून फोनवर हॅलोच्या आधी "जेवलीस का?" विचारते. मीसुद्धा कुणाशी बोलायला लागले की तिथूनच सुरू करते.

पोरं आधी कुरकुरली, मग रंगात आली. चॉकलेटचे दाणे पसरलेला ब्रेड हा त्यांचा राष्ट्रीय नाश्ता. कुणी कालचा थंड पिझ्झा खाल्लेला, कुणी पॅनकेक. खरं-खोटं देव जाणे, पण सगळ्यांचे आवाज कानावर यायचे आणि मला बरं वाटायचं. एक मुलगी फार गुणी होती, मऊ आवाजाची. तिचं वाक्य रोज तेच असायचं. मिस, मी चीज लावून दोन ब्रेड खाल्ले आणि एक सफरचंद. तिला लहानपणापासून डायबेटिस, आम्हा सगळ्या शिक्षकांना ते वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. आई हॉस्पिटलमध्ये नर्स. त्या दिवसांत नर्सला कसली आली उसंत! पहाटेच ड्यूटीवर जायची आणि सकाळी पोरगी घरात एकटी.

आणि मग तक्रार आली. वर्गातल्या एका मुलाच्या आईनं शाळेला कळवलं की माझा मुलगा घरात काय खातो ही आमची खासगी गोष्ट आहे, ती शिक्षिकेनं चारचौघांत विचारायचं कारण नाही. शिवाय एखाद्या घरी सकाळी खायला नसेल तर त्या मुलानं काय सांगायचं?

विभागप्रमुखानं मला पडद्यावर बोलावून हे सगळं शांतपणे ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाल्लं का म्हणून विचारणं हा गुन्हा? आमच्याकडे न विचारणारा माणूस माणूसघाणा ठरतो. पण त्या बाईचा शेवटचा मुद्दा मनाला लागला, कारण तो मला सुचला नव्हता. शिवाय तासाची दहा मिनिटं हजेरीतच जातात, असंही त्याचं म्हणणं होतं. तेव्हा यापुढे हा प्रश्न बंद, असं आमचं ठरलं. इथे त्याला अफस्प्राक म्हणतात, दोघांत ठरलेली गोष्ट. डॉक्टरची वेळ असो की शेजारणीकडची कॉफी, अफस्प्राक झाली की काळ्या दगडावरची रेघ. ती मोडणाऱ्या माणसावर ह्या देशात कुणी विश्वास ठेवत नाही.

वर तो म्हणाला की पुढच्या गुरुवारी मी तुझ्या तासाला येतोय, आणि तो तास महत्त्वाचा आहे हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, येस सर.

त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, "अगं, नाकासमोर चाल. एक तास नाही विचारलंस तर पोरं काही उपाशी मरणार नाहीत."

गुरुवारी मी इस्त्रीचा कुर्ता घालून बसले. तास मिनिटामिनिटानं आखलेला. विभागप्रमुखाचा चौकोन कोपऱ्यात, कॉफीचा मग, मान खाली घालून काहीतरी टिपणं चाललेलं. मी नावं घेतली, पोरं नुसतं 'प्रेझेंट' म्हणाली. त्या मुलीचं 'प्रेझेंट' जरा उशिरा आलं. मी पुढे गेले.

धड्याचं वाचन सुरू झालं. वाचणाऱ्यानं कॅमेरा लावायचा हा नियम होता. तिची पाळी आली तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली दिसली, कानांवर मोठे हेडफोन. एक ओळ वाचली, दुसरी गाळली, परत पहिलीच वाचली. मी हळूच सांगितलं, बाळा, एक ओळ राहिली. तर ती मोठ्यानं म्हणाली, "एवढं येतंय तर तुम्हीच वाचा ना."

पोरं फिस्सकन हसली. विभागप्रमुखानं मान वर केली. माझी कानशिलं तापली. आजच? माझ्या परीक्षेच्या दिवशीच हिला उलट उत्तर द्यायचं होतं? चांगलं खडसवायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. ओठ पांढरे. केस कपाळाला चिकटलेले, इतक्या थंडीत. आणि ती जांभयांवर जांभया देत होती.

माझ्या बाबांना शुगर होती, इन्शुलिनवर होते. एरवी देवमाणूस. पण शुगर उतरली की भांडायला उठायचे. आमटीत मीठ नाही, पेपर कुठे ठेवलास, काहीही. आम्ही पोरं घाबरायचो, पण आई एका शब्दानं उलट बोलायची नाही. साखरेचा डबा घेऊनच यायची. ते म्हणायचे, मला काही झालेलं नाही. ती म्हणायची, नसेल, पण तोंड उघडा.

पडद्यावर माझ्या एकटीसाठी विभागप्रमुखाचा मेसेज आला. पुढे जा, हे तासानंतर बघू.

मी तो वाचला. पुढे गेले तर माझा तास सरळ पार पडत होता, आणि काही झालंच नसेल तर मी सगळ्यांसमोर ठरलेलं मोडणारी बाई ठरणार होते, तेसुद्धा त्याच्या डोळ्यांदेखत. पण बाबांचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

"आज सकाळी काय खाल्लंस?" मी तिला विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काही झालेलं नाही."

हे तर बाबांचंच वाक्य. फोन कुठे आहे विचारलं. तिच्या दंडाला एक बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं असायचं, शुगर उतरली की फोन बोंबलायचा. फोन वर आहे, चार्जिंगला, असं ती कसंबसं म्हणाली. म्हणजे वर फोन ओरडतोय आणि ही खाली कानांवर हेडफोन लावून बसलेली. आईला पण तसाच इशारा जात असणार, पण वॉर्डात तिचा फोन लॉकरमध्ये. मी म्हटलं, ऊठ, स्वयंपाकघरात जा, ज्यूस पी, आत्ताच्या आत्ता. तिनं टेबलावर डोकं टेकलं.

मी इंग्रजीत दोनदा हाक मारली. ढिम्म. मग माझं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. "ऊठ म्हणते ना!" मी मराठीत ओरडले. "आधी ऊठ!"

तिनं दचकून मान वर केली. टेबलाला धरून उठली आणि पडद्याबाहेर गेली. मागे नुसती खुर्ची.

मी वर्गाला विचारलं, हिच्या घराजवळ कोण राहतं? विभागप्रमुख त्याच्या चौकोनात फोन कानाला लावून उभा होता, हॉस्पिटल लावत होता. मी परत विचारलं, आवाज फाटला माझा. तेव्हा एक माइक चालू झाला. मी, समोरच राहतो, असं म्हणणारा तोच मुलगा होता, ज्याच्या आईनं माझी तक्रार केली होती.

तो पुढे काही बोलायच्या आत त्याच्या मागून बाईचा आवाज आला, की त्यांची किल्ली आपल्याकडे आहे, मांजरासाठी दिलेली. खुर्ची सरकल्याचा आवाज, दार धाडकन. म्हणजे ती बाई घरूनच काम करत त्याच खोलीत बसून सगळा तास ऐकत होती.

मग आम्ही सगळे ती रिकामी खुर्ची बघत बसलो. कुणी हसलं नाही, कुणी तास सोडून गेलं नाही. मी देवाचं नाव घेत होते ते मोठ्यानं घेत होते की मनात, मला आठवत नाही. पोरगी जिन्यावर गेली असेल का? पडली असेल का? मीच तिला उठवलं होतं.

शेवटी त्या खुर्चीमागे लोकरी स्वेटर घातलेली एक बाई आली आणि कॅमेऱ्यात वाकली. धापा टाकत सांगू लागली. पोरगी फ्रिजला टेकून जमिनीवर बसली होती, हातात ज्यूसचा डबा, झाकण उघडता येत नव्हतं तिला.

"पितेय आता," बाई म्हणाली. "बोलतेय."

मी कॅमेरा बंद केला आणि हुंदके देऊन रडले. माइक चालूच राहिला होता, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखाशी बोलणं झालं. मी सगळी तयारी ठेवून बसले होते, नारळाचीसुद्धा.

"तू अफस्प्राक मोडलीस," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"आणि पुढे जा, हे मी चुकीचं लिहिलं," तो म्हणाला.

करार आणखी एका वर्षाचा करू म्हणाला. हजेरीचा प्रश्न परत सुरू करायचा तर सगळ्या पालकांना विचार, जे हो म्हणतील त्यांच्याच मुलांना विचारायचा, आणि एखाद्या मुलाला सांगायचं नसेल तर नुसतं 'प्रेझेंट' म्हणून सोडायचं. मी थँक यू सर म्हटलं. त्या दिवशी तो कसनुसा झाला नाही.

पालकांना मी विचारलं. एक सोडून सगळ्यांचं हो आलं. मुलीच्या आईनं फोन केला, आणि आम्ही दोघी बोलण्यापेक्षा रडलोच जास्त. तो एक नकार त्या समोरच्या बाईचा. तिनंही स्वतः फोन केला. परत वेळ आली तर परत धावेन, आणि तू विचारलंस हे फार बरं केलंस, म्हणाली. पण माझ्या मुलाचं खाणं ही आमची खासगी गोष्ट आहे, ते काही बदललेलं नाही. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, काय बाई आहे ही! आधी चिडले, मग हसायलाच लागले. पोटात एक आणि ओठांत एक असला प्रकार नव्हता तिचा. अशी शेजारीण मला चालेल.

सोमवारी हजेरी घेतली. ती मुलगी म्हणाली, मिस, मी चीज लावून दोन ब्रेड खाल्ले, आणि ज्यूस प्यायले, आणि फोन माझ्या मांडीवर आहे. पोरं हसली. एकेक नाव घेत मी त्या मुलाच्या नावाशी आले. त्याला विचारायचं नव्हतं. मी नुसतं नाव घेतलं आणि 'प्रेझेंट'ची वाट बघत थांबले.

माइक चालू झाला. मागून त्याच्या आईच्या की-बोर्डचा आवाज येत होता.

"मी खाल्लंय, मिस," तो म्हणाला. "काय, ते सांगणार नाही."

"नको सांगूस," मी म्हटलं. "मला तेवढंच हवं होतं."