खंडेनवमीला घासलेला पत्रा

गुळगुळीत सौरपट्टीवरून बरंचसं ऊन परत फिरतं; तीच वरून खरबरीत केली की ऊन आत अडकतं आणि वीज जास्त मिळते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी शिकवते, आणि वर्षभर या एका वाक्यावर जगत होते. परदेशी यंत्र घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती, म्हणून कुपवाडचं एक वर्कशॉप गाठलं. सँडपेपरने ओरखडलेला पत्रा पातळ प्लास्टिकवर ठेवून गरम प्रेसमध्ये दाबायचा. प्लास्टिकवर चरे उमटले की ते वाकणाऱ्या सौरपट्टीवर चिकटवायचं.

वर्कशॉपच्या मिस्त्रींचं आयुष्य वस्तू गुळगुळीत करण्यात गेलेलं. "आवं मॅडम, असला माल भाईर गेला तर लोक काय म्हणतील?" असं ते दर वेळी विचारायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. तिला पटलं नाही तर प्रकल्प बंद. त्याच दिवशी सकाळी नवं प्लास्टिक दाबायला गेले, तर पत्र्यात मला माझाच चेहरा दिसला. खंडेनवमीला मिस्त्रींनी हत्यारांबरोबर तोही लख्ख केला होता, वर हळदकुंकू.

"पूजंला मळकं कसं ठिवायचं? लय घासला, तवा कुठं उजाळला." ते शाबासकीची वाट बघत होते. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खरं कळल्यावर ते मटकन खालीच बसले.

पत्रा पुन्हा ओरखडायला वेळ नव्हता; चाचणीतली एक जुनी, कोपरा फाटलेली खरबरीत पट्टी शिल्लक होती. ती घेतली, तुलनेसाठी एक चकचकीत घेतली, आणि अपराधी तोंडाने मिस्त्रीही सोबत आले. दोन्ही पट्ट्या उन्हात ठेवून मीटर लावले. समितीच्या साहेबांनी चकचकीत पट्टीत बघून भांग नीट केला, नारळपाणी घेतलं आणि शेरा लिहिला, 'फिनिशिंग उत्तम. खरबरीत नमुन्यावरचं काम थांबवावं.' मीटरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चकचकीत पट्टी आता प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेममध्ये आहे.

"मॅडम, काटा तर आपल्या खरबरीतवरच जास्त चढला व्हता," परतताना मिस्त्री म्हणाले. "त्यास्नी दिसलं न्हाई व्हय?"

मी कोपरा फाटलेली पट्टी त्यांच्या हातात दिली.

यंदा खंडेनवमीला त्यांनी बोलावलं. सगळी हत्यारं झळकत होती. मधोमध नव्याने ओरखडलेला एक पत्रा होता आणि त्याचं कुंकू शेजारच्या पाटावर वाहिलेलं. "त्येला फडकं लावायचं न्हाई, कुंकूबी न्हाई," ते कामगारांना बजावत होते, "चरे बुजतील."