यान शनिवारी जाणार

१२ सप्टेंबर २०१५, शनिवार. धुरकट. शेजारच्या देशात जंगलं जळताहेत आणि वास आमच्या पडद्यांना येतोय. सूर्य दिसतो, पण डोळे न मिटता बघता येईल इतका फिका.

कागदाची मॉडेलं करणाऱ्यांच्या घरात कात्रणं आणि किस्से सारखेच साठतात. कितीही झाडा, सोफ्याखाली सापडतात, मोज्यात सापडतात, एकदा तर वरणात सापडलं. कात्रण म्हणतोय मी.

आम्ही तिघं. मी, सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातला माझा सहकारी अनिल जाधव, आणि इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करणारी मेघना. कुणा हौशी माणसानं इंटरनेटवर फुकट ठेवलेला आराखडा घेऊन आम्ही विज्ञानकथेत शोभेल असं अंतराळयान करायला घेतलं. तीन इंजिनं, जेवणाच्या टेबलाएवढी लांबी, सगळं कागदाचं. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ते हॉलच्या दाराशी मांडायचं होतं. काम जाधवच्या फ्लॅटमध्ये, कारण त्याची बायको सहनशील आहे. निदान सुरुवातीला होती.

*

जाधवचे वडील, आप्पा, साताऱ्याला असतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. एका रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "सध्या काय चाललंय?" जाधवच्या हाताला गोंद. घाईत म्हणाला, "यान करतोय, आप्पा."

'कागदाचं' हा शब्द राहून गेला.

पुढच्या रविवारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं की जाधव कंडक्टरचा पोरगा सिंगापुरात यान बांधतोय. हेडमास्तरांनी आप्पांना घरी चहाला बोलावलं. पेढेवाल्याला आगाऊ सांगून झालं. "सुटलं की गल्लीत पेढे," आप्पा म्हणाले. "आन् मी बघायला येतोय. तिकीट काढलंय."

मी जाधवला म्हणालो, "आत्ताच्या आत्ता फोन कर आणि खरं सांग."

"काय सांगू? इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, सॉफ्टवेअर टेस्टिंग सांगतोय, त्यांना वाटतं मी कॉम्प्युटर पुसतो. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या कामाबद्दल चार लोकांत बोललेत."

मी त्याच्या हातातली गोंदाची बाटली घेऊन झाकण लावलं.

*

छपाई जाधवकडे होती. मी बजावून सांगितलं होतं, पाठपोट छापू नकोस. "कळतं मला," तो म्हणाला. आणलेला गठ्ठा बघितला तर निम्म्या जाडीचा.

"कागद वाचवला," जाधव म्हणाला. "ऑफिसचा प्रिंटर आपोआप दोन्ही बाजूंनी छापतो."

म्हणजे एका बाजूला इंजिन, त्याच्या पाठीवर केबिन. एक कापलं की दुसरं गेलं. मेघनानं कागद उजेडाला धरला आणि शांतपणे विचारलं, "दादा, आपल्याला उडायचंय की बसायचंय?"

*

तिनं फार हसू नये. शेपटाचा भाग तिनं आपल्या लॅबमध्ये छापला, रात्री जागून चिकटवला आणि घेऊन आली. शेपूट धडाला बसेना. सगळीकडून थोडं थोडं लहान.

"माझं बरोबर आहे," मेघना म्हणाली. "तुमचं धड जाड आहे."

मी पट्टी लावली. तिनं छापताना 'फिट टू पेज'वर टिक राहू दिली होती.

"कापड आटतं ते ऐकलंय," जाधव म्हणाला. "पीएचडीवाल्यांचा कागदही आटतो होय?"

पुन्हा छापायला कुणाच्यात जीव नव्हता. मी मधे कागदाची एक गोल पट्टी घातली. आराखड्यात नाही ती. जाधव तिला यानाचा कमरपट्टा म्हणायचा.

*

नाक माझ्या घरी झालं. ते घेऊन मी आणि जाधव त्याच्या फ्लॅटकडे निघालो, तर लिफ्टमध्ये त्याच्या खालच्या मजल्यावरचे लिम अंकल भेटले.

"वाह, सो नाइस. हाउस ऑर कार?"

"रॉकेट, अंकल."

"रॉकेट ऑल्सो गॉट, आह?" ते जवळ येऊन बघू लागले. "फॉर हू?"

जाधवच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काही नव्हतंच. म्हणाला, "फॉर माय फादर."

अंकलनी जाधवच्या दंडावर हात ठेवला. आपला मजला आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "गुड सन, लाह."

"बघा," जाधव मला म्हणाला. "शेजाऱ्याला कळतं, तुम्हाला कळत नाही."

*

आप्पा आले. यान दिवाणखान्यात उभं होतं. त्यांनी चप्पल दाराशी काढली होती, यानापुढं टोपीही काढली. सगळीकडून फिरून बघितलं.

"आरं, बसायचं कुठं?"

"आप्पा, यात माणूस बसत नाही."

"मग तिकीट कुणाचं फाडायचं?"

त्यांनी बोटानं एक टिचकी मारली. कागदाचा आवाज आला. त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग विचारलं, "जाणार कधी?"

"शनिवारी," जाधव म्हणाला. हॉलवर, असं त्याच्या मनात.

मी डोळ्यांनी खुणावलं, सांग. त्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "शनिवार होऊ दे, मग सांगतो."

*

आज शनिवार. आपला श्रावण तो इथल्या चिनी लोकांचा पितरांचा महिना. कागदाची घरं, गाड्या, फोन जाळून ती पितरांना पोचवतात. त्यासाठी प्रत्येक इमारतीखाली पत्र्याची मोठी पिंपं असतात. आज त्या महिन्याचा शेवटचा दिवस होता.

आम्ही यान खाली आणलं. धुरामुळे उघड्यावर ठेवायला नको म्हणून जाधवनं ते आडोशाला, पिंपाशेजारी ठेवलं. आप्पांना राखणीला बसवलं. मेघना आणि जाधव स्टँड आणायला वर गेले. मी रस्त्याकडे तोंड करून मोठ्या टॅक्सीची वाट बघत उभा राहिलो.

मागून लिम अंकलचा आवाज आला. आप्पांनाच विचारत होते.

"अंकल, कॅन गो?"

मला वाटलं, टॅक्सीबद्दल विचारताहेत.

आप्पांना 'गो' कळतं. त्यांनी पिंपाच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं. टण, टण. डबल बेल.

मी वळलो तेव्हा यान पिंपात उभं होतं आणि कमरपट्ट्यापर्यंत पेटलं होतं. लिम अंकल हात जोडून उभे होते. आप्पाही टोपी काढून उभे होते. लिफ्टमधून जाधव स्टँड घेऊन बाहेर आला आणि तिथेच थांबला.

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खिशातला फोन मागून घेतला आणि साताऱ्याला लावायला सांगितला.

"हां, मी बोलतोय. सुटलं. समक्ष बघितलं, शेजारीच हुतो. खालनं जाळ, मागनं धूर, आन् गेलं वर. न्हाई, आता दिसत न्हाई."

संध्याकाळी साताऱ्याच्या गल्लीत पेढे वाटले गेले.