धर्मा नाखव्यांची चाकांवरची होडी

धर्मा नाखवा यांची ओळख मला त्यांच्या पत्नीमुळे झाली. सखुबाई आणि मी अंधेरीच्या पालिका शाळेत भरणाऱ्या प्रौढ वर्गात एकाच बाकावर बसतो. वर्ग सुटण्याच्या सुमारास त्यांना न्यायला धर्मा येत असत. बाहेर बसण्याची चांगली सोय होती. परंतु त्यांना बसलेले कधी कोणी पाहिले नाही. फाटकापासून पिंपळापर्यंत आणि पिंपळापासून फाटकापर्यंत त्यांच्या येरझारा चालत. पुढील हकिगत त्या दोघांच्याच तोंडून ऐकलेली आहे.

धर्मांचे सारे आयुष्य दर्यावर गेले. हृदयाचे दुखणे झाले तेव्हा डॉक्टरांनी समुद्र बंद केला आणि मुलाने, म्हणजे दिपेशने, होडी विकून टाकली. तेव्हापासून धर्मांच्या पायाला भिंगरी लागली. घरात त्यांना झोप येईना. भिंती हलत नाहीत, अंग डुलत नाही, अशा अंथरुणावर पडणे त्यांना शिक्षेसारखे वाटे. हर्णै, जयगड, मालवण ही बंदरे त्यांनी जन्मभर पाण्यावरून पाहिली होती; त्या गावांतले रस्ते मात्र कसे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती गावे आता जमिनीवरून पाहावी आणि सोबत सखुबाईंना न्यावे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

दिपेशने फोनवर एकदा कॅरॅव्हॅनचे चित्र दाखवले. टेम्पोच्या पोटात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी! धर्मा ताडकन उठले. “हीच घेवाची. पन जुनी. नवीचं सोंग आपल्याला नको.”

सखुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मी नाय येनार,” त्या म्हणाल्या.

“का गं?”

“होरीवर कवा पाय ठेवू दिला नाय मना. आता होरी गेली, तवा बायको आठवली का रं?”

बाईमाणसाने होडीवर चढू नये, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. ती त्यांनी घातली नव्हती, पण मोडलीही नव्हती. सखुबाई नेहमी वाळूवर उभ्या राहून डबा आणि सुक्या मासळीचे गाठोडे हातात देत आणि “जपून जा” एवढेच म्हणत.

शोध सुरू झाला. बोरिवलीला पाहिलेल्या गाडीत धर्मांना ताठ उभे राहता येईना. घाटकोपरच्या गाडीची आरसी बुकात अजून प्रवासी टेम्पो म्हणूनच नोंद होती; दिपेश म्हणाला, “बाबा, ही घेतली तर नाक्यानाक्यावर वाट लागेल.” दर खेपेला धर्मांचा जीव अधिकच खालीवर होई. जेवताना ताटावरून उठून ते फोनवर नवी चित्रे पाहायला मागत.

अखेर मुलुंडला श्यामकांत नावाच्या गृहस्थांची गाडी पाहायला बापलेक गेले. कागदपत्रे चोख होती. धर्मा थेट गाडीखाली शिरले. त्यांनी चौकटीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले, गंजाचा वास घेतला, फरशीला कान लावला.

“काका, आत बसून बघा की. बेड उघडून दाखवतो, छताची खिडकी दाखवतो,” श्यामकांत म्हणाले.

“पलंगावर बसून दर्या कलतो का? तल सुका हाय ना, मग झालं. झकास माल हाय.”

दिपेशने बाजूला नेऊन सांगितले, “बाबा, आईला एकदा दाखवूया ना. एवढी घाई कशाला?”

“होरी घेताना तुज्या आजीला कोनी विचारलेलं का?” असे म्हणून धर्मांनी खिशातली सुपारी काढून श्यामकांतांच्या तळहातावर ठेवली. शब्द दिला गेला.

कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर पूर्वी होडी जेथे ओढून ठेवत, तेथेच गाडी आणून उभी केली. पूजेआधी ती धुवावी म्हणून दिपेशने टपावर पाण्याची नळी सोडली. सखुबाई ताट घेऊन बाहेर उभ्या होत्या. उघड्या दारातून त्यांनी पाहिले, तर छतातून पाण्याच्या धारा पलंगावर पडत होत्या.

“नाखवा!” त्या ओरडल्या. “तुजी होरी वरून बुडली रं!”

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. धर्मा म्हणाले, “तल तर सुका हाय.”

“तल बघतोय! जनमभर तू दर्यावर, नि घराचे पत्रे मी बघितले. कौल सरकलं, चढली कोन? मी. एकदा मना विचारला असतास, तर पयलं वर बघितलं असतं.”

श्यामकांतांना फोन केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “काका, छताची खिडकी दाखवतो असं मीच म्हटलं होतं.” ते खरेच होते. धर्मांनी फोन दिपेशच्या हातात दिला आणि ते किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले, पुन्हा गेले. जी चूक झाली ती छपराची नव्हती, हे त्यांना कळून चुकले होते. ज्या बाईला सोबत न्यायचे, तिलाच त्यांनी विचारले नव्हते.

होडीच्या तळाला फायबरचा थर देण्याचे काम त्यांच्या हातचे होते. तेच सामान आणून ते टपावर चढले. सखुबाई खालून हुकूम सोडीत होत्या, “त्या खिरकीच्या कोपऱ्याला अजून लाव. तिथंच पानी बसतंय.” धर्मा निमूटपणे लावीत होते. थर वाळल्यावर सखुबाईंनी नळी मागून घेतली आणि मनसोक्त पाणी मारले. आतून दिपेश ओरडला, “आई, थेंब नाही!” सखुबाईंनी मान डोलावली; मात्र पायरीवर पाय ठेवला नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी नारळ फुटला. धर्मांनी सवयीने आधी चढून गाडी सुरू केली. खिडकीबाहेर सखुबाई उभ्या होत्या. त्या नवे लुगडे नेसल्या होत्या, पण हातात तोच डबा आणि तेच गाठोडे होते. ते वर करून त्या म्हणाल्या, “जपून जा.”

धर्मांनी डबा घेतला नाही. त्यांनी गाडी बंद केली, ते उतरून खाली आले आणि दार पुरते उघडून पायरीच्या बाजूला उभे राहिले. त्या वेळी त्यांचे पाय अगदी स्थिर होते, असे सखुबाई सांगतात. साऱ्या वाड्यासमोर त्यांनी एवढेच म्हटले:

“सखू, आदी तू चढ.”